काट्यावरचे ७० पौंड

१९९१-९२ च्या गळीत हंगामातली गोष्ट. मी बारामतीत राहत होतो आणि भवानीनगरच्या पुढे असलेल्या एका माध्यमिक शाळेत रोज स्कूटरने जात होतो. हंगामात इंदापूर रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. एरवी ट्रॉलीला सहज मागे टाकणारी माझी टू-स्ट्रोक स्कूटर त्या वर्षी ट्रॉलीच्या मागेच राहू लागली. मूठ पूर्ण पिळली तरी वेग ३५ च्या वर जाईना. गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मेकॅनिकने प्लग काढला, त्या जागी लांब रबरी नळीचे एक गेज लावले, चार किक मारल्या आणि काटा माझ्यापुढे धरला. ७० पौंड.

"सर, कॉम्प्रेशन गेलंय. ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागंल."

मी विज्ञानाचा शिक्षक. एखाद्याने नुसते "इंजिन बसलं" म्हटले असते तर मी चार प्रश्न विचारले असते, पण मोजून दाखवलेल्या आकड्यापुढे गप्प बसलो. बोअर झाले, पिस्टन आणि रिंगा नव्या पडल्या. पगारातला मोठा हिस्सा गेला. पहिले ५०० किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची होती, म्हणून महिनाभर मी स्वखुशीने ट्रॉलीमागून गेलो. त्यानंतर मूठ पिळून पाहिली, तर वेग पुन्हा ३५ वरच अडला. पुन्हा तेच गेज लागले. या वेळी काट्याने ७५ दाखवले. "रिंगा अजून बसल्या नाहीत," असे उत्तर मिळाले आणि तेही मी मान्य केले!

शेवटी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी गाडी पाहिली. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. सायलेन्सर खोलला, तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवला आणि ठोकून त्यातला काजळीचा पसाभर खच बाहेर काढला. मी पेट्रोल पंपावर "ऑइल जरा जास्त टाका" असे वर्षानुवर्षे सांगत आलो होतो, त्याचे हे फळ. धूर बाहेर पडायलाच वाट नव्हती, मग ताजी हवा आत कुठून येणार? त्याच संध्याकाळी स्कूटर ट्रॉलीच्या पुढे गेली.

नंतर काकांनी मला दोनच प्रश्न विचारले. "त्या गेजची नळी केवढी होती? आणि किक मारताना मूठ पिळली होती का?" नळी हातभर होती. मूठ कोणीच पिळली नव्हती. या दोन प्रश्नांत नववी-दहावीचे वायूंचे नियम किती दडलेले आहेत, हे मला पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळले. तो हिशेबच येथे मांडतो.

काटा कोणता दाब दाखवतो?

इंजिनात पिस्टन वर चढताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरला ओरखडे पडले, हेडचे गॅस्केट फुटले, की दाबलेली हवा निसटते. ठिणगी पडण्याआधीच दाब कमी राहिला तर जळणानंतरचा दाबही कमी राहतो आणि पिस्टनला हवा तेवढा रेटा मिळत नाही. म्हणून प्लग काढून त्या भोकात गेज लावायचे, इंजिन किकने फिरवायचे आणि जास्तीत जास्त किती दाब साठतो ते पाहायचे, ही चाचणी निघाली. गॅरेजमधला 'पौंड' म्हणजे पौंड प्रति चौरस इंच. टायरमधली हवा आपण त्याच मापाने भरतो. १४.२ पौंड म्हणजे १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर.

आता हा दाब किती असायला हवा? बजाज चेतकचे उदाहरण घेऊ. १९७२ साली आलेली ही स्कूटर आपल्या भागात एके काळी घरोघर होती. तिच्या सिलिंडरचा व्यास ५७ मि.मी. आणि पिस्टनची धावही ५७ मि.मी. विद्यार्थ्यांना आकारमान काढायला सांगावे. उत्तर १४५ घन सें.मी.च्या थोडे वर येते. परंतु ही सगळी हवा दाबली जात नाही. टू-स्ट्रोक इंजिनात वर-खाली होणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो-झाकतो. पिस्टन वर जाताना धुराची खिडकी पूर्ण झाकली जाईपर्यंत हवा दाबली न जाता बाहेर सरकते. खिडकी झाकल्यानंतर पिस्टनच्या वाटेत १०० घन सें.मी. जागा उरते आणि पिस्टन अगदी वर पोचल्यावर हेडमध्ये २० घन सें.मी.ची पोकळी राहते, असे हिशेबाच्या सोयीसाठी गोल आकडे धरू. म्हणजे १२० घन सें.मी. हवा २० घन सें.मी.मध्ये कोंबली जाते. सहापट.

बॉईलच्या नियमाने दाबही सहापट व्हायला हवा. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. येथे वातावरणाचा दाब सुमारे १३.८ पौंड असतो, मुंबईत १४.७. १३.८ ची सहापट सुमारे ८३. गेजचा काटा मात्र वातावरणाच्या दाबालाच शून्य मानतो. तेवढा वजा केला की ६९ पौंड उरतात. (माझ्या ७० च्या अगदी जवळ! तो निव्वळ योगायोग आहे. पण त्या वेळी मी एवढाच हिशेब केला असता तर मेकॅनिकला उलट प्रमाणपत्र दिले असते.)

बॉईलच्या नियमाला एक अट असते आणि ती आपण फळ्यावर लिहितो, पण तिच्यावर फारसे थांबत नाही. तापमान स्थिर असले पाहिजे. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचे खालचे टोक तापते, हे मुलांना ठाऊक असते. हवा झटकन दाबली तर ती तापते आणि तापल्यामुळे दाब आणखी वाढतो. किकने पिस्टन वर जायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या वेळात उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे मानले, तर दाब सहापट न होता ६ चा १.४ वा घात, म्हणजे सुमारे १२.३ पट होतो. वातावरणाचा दाब वजा करून बारामतीत काटा १५६ वर जायला हवा.

म्हणजे एकाच इंजिनाची दोन उत्तरे झाली, ६९ आणि १५६. पहिले अगदी सावकाश दाबल्याचे, दुसरे उष्णतेचा कणही न गमावता दाबल्याचे. खऱ्या इंजिनात थोडी उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतीत जाते, रिंगांच्या फटीतून थोडी हवा जाते, त्यामुळे काटा या दोहोंच्या मध्ये थांबतो. चांगल्या टू-स्ट्रोक स्कूटरला १०० ते १३० पौंड मिळाले की मेकॅनिक समाधानी असतो. किक जोरात बसली तर आकडा वरच्या टोकाकडे सरकतो, हळू बसली तर खालच्या. एकाच स्कूटरला पैलवानाने आणि आमच्यासारख्या मास्तराने किक मारली तर काटा दोन ठिकाणी थांबेल, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसेल.

हातभर नळी

फिटरकाकांचा पहिला प्रश्न नळीचा होता. गेजमध्ये सायकलच्या किंवा गाडीच्या ट्यूबला असतो तसा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. तो एकदा आत गेलेली हवा परत येऊ देत नाही, म्हणून पाच-सहा किकांत काटा पायरी-पायरीने चढतो आणि मग स्थिरावतो. हा व्हॉल्व्ह नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला असेल तर नळी कितीही लांब असली तरी बिघडत नाही. ती काही किकांत भरून जाते. पण व्हॉल्व्ह गेजच्या टोकाला असेल, तर नळीतली सगळी पोकळी हेडच्या पोकळीत मिळवावी लागते.

आतून ५ मि.मी. व्यासाची आणि ५० सें.मी. लांबीची नळी घ्या. तिच्यात जवळजवळ १० घन सें.मी. हवा मावते. आपल्या स्कूटरच्या हेडमध्ये २० होती, ती आता ३० झाली. दाबायची हवा १२० ऐवजी १३०. गुणोत्तर सहावरून ४.३३ वर आले. तोच घात घेऊन हिशेब केला तर १५६ ऐवजी ९४ पौंड येतात. इंजिनात काहीही बदल न होता ६२ पौंड गेले! खऱ्या मोजणीत उष्णतेची आणि फटींची घट याहून आणखी होणारच.

ज्या गेजचा माझ्यावर प्रयोग झाला ते मोटारगाड्यांसाठी घेतलेले असावे. मोटारीच्या सिलिंडरपुढे नळीतली १० घन सें.मी. हवा तुलनेने कमी पडते. इंजिन जसजसे लहान, तसतशी चूक मोठी. आज इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांत पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप चालतात, बांधावर गवत कापायची यंत्रे चालतात. त्यांतली पुष्कळ इंजिने टू-स्ट्रोक आणि ३५ घन सें.मी.च्या आसपासची असतात. अशा इंजिनात खिडकी झाकल्यानंतर २४ घन सें.मी. आणि हेडमध्ये ४.८ घन सें.मी. धरा. गुणोत्तर पुन्हा सहाच. याला वीतभर, म्हणजे ५ घन सें.मी.ची नळी जोडली, तर गुणोत्तर ३.४५ आणि काटा १५६ ऐवजी ६४. बहार धरलेला असताना फवारणी पंप बंद पडला आणि असे गेज लावून कोणी "पिस्टन गेला" म्हणाले, तर बागाईतदाराने गेजची नळी आधी पाहावी. लहान इंजिनासाठी व्हॉल्व्ह अगदी टोकाला असलेले, थेट प्लगच्या आट्यांत बसणारे गेजच हवे.

काकांचा दुसरा प्रश्न मुठीचा होता. मूठ पिळल्याशिवाय कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन फिरते, पण आत हवा येतच नाही. मग दाबायचे काय? मूठ पूर्ण पिळून आणि चोक उघडा ठेवून किक मारली तरच सिलिंडर भरतो. माझ्या स्कूटरचे बोअर होण्याआधीचे ७० आणि नंतरचे ७५, या दोन्ही आकड्यांत नळी आणि मूठ यांचा वाटा एवढा मोठा होता की पिस्टनविषयी त्यांतून काहीच कळत नव्हते. नव्या पिस्टननंतरही आकडा जेमतेम ५ ने हलला, तेव्हाच मला गेजचा संशय यायला हवा होता.

खोटा उत्साह

आकडा जसा खोटा उतरतो तसा खोटा चढतोही. दाब कमी आला की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे, अशी जुनी रीत आहे. ऑइल रिंगांच्या भोवती पसरून फट बुजवते. त्यामुळे दाब चढला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा, आणि चढला नाही तर झडपांचा किंवा गॅस्केटचा, असा निष्कर्ष काढतात. विचार योग्य आहे, पण एक चहाचा चमचा म्हणजे ५ घन सें.मी., आणि ऑइल दाबले जात नाही. हेडमधल्या २० मधले ५ त्याने व्यापले की पोकळी १५ उरली. गुणोत्तर ७.६७ झाले आणि हिशेबाने काटा १५६ वरून २२५ वर गेला. फट बुजली की नाही याचा यात काही संबंधच नाही. लहान इंजिनात ऑइलचे चार-पाच थेंब पुरेत, तेही सिलिंडरच्या कडेने सोडावेत आणि एक-दोन किक मारून पसरू द्यावेत.

याहून फसवी गोष्ट म्हणजे काजळी. पिस्टनच्या डोक्यावर अर्धा मि.मी. आणि हेडच्या आत अर्धा मि.मी. थर साचला, तर ५७ मि.मी. व्यासाला मिळून अडीच घन सें.मी. जागा व्यापली जाते. १५६ चे १८५ होतात. म्हणजे रिंगा झिजून जो दाब गेला तो काजळीने भरून काढला आणि काट्याने "सर्व ठीक" असे सांगितले. जुनी, धूर ओकणारी गाडी गेजवर ठणठणीत निघते ती अशी. म्हणून आकडा बरा असला तरी हेड एकदा खोलून आतली काजळी पाहणे शहाणपणाचे. स्कूटरचे हेड चार नटांवर असते, त्याला बोअरइतका खर्च येत नाही.

आणखी एक मर्यादा टू-स्ट्रोकपुरती. या इंजिनात ताजे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये शिरते. पिस्टन खाली येताना ते तिथे थोडेसे दाबले जाते आणि खिडकीतून वर ढकलले जाते. म्हणजे कॉम्प्रेशन दोनदा होते, एकदा पिस्टनच्या खाली आणि एकदा वर. प्लगच्या जागी लावलेले गेज वरचेच मोजते. क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील कडक होऊन गळू लागली, तर खालचा दाब जातो, बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून पिस्टन चिकटतो. हे सगळे घडत असताना वरचा काटा निर्धास्त १२० दाखवू शकतो.

बर्फावरची जोडी

मग या चाचणीवर विश्वास तरी किती ठेवायचा? याचे एक उत्तर आपल्याकडून फार दूरच्या वाहनाने दिले आहे. बर्फावर चालणारी स्कूटर, म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा असलेले वाहन, आपल्या वाचकांपैकी काहींनी गुलमर्गला पाहिले असेल. सियाचीनमध्ये आपले लष्करही अशा स्कूटर वापरते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये त्यांचे हलके, लोकांना परवडणारे रूप बाजारात आणले. अनेक वर्षे ही वाहने टू-स्ट्रोक इंजिनांवरच चालत आली आणि त्यांतली बरीच दोन सिलिंडरांची असतात. तिथले मालक हिवाळ्याच्या तोंडावर घरीच कॉम्प्रेशन मोजतात, आणि ते आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक पाहतात. दोन्ही ११० असतील तर काळजी नाही. एक १२५ आणि दुसरा १०० असेल तर दुसरा उघडायचा. गेज तेच, नळी तीच, दोरी ओढणारा हात तोच, उंचीही तीच. सगळ्या चुका दोन्हीकडे सारख्याच होतात आणि वजाबाकीत निघून जातात.

उंचीचे महत्त्व तिथे चांगलेच कळते. आपले ते सहा गुणोत्तराचे इंजिन मुंबईत हिशेबाने १६६ पौंड देईल, बारामतीत १५६, आणि २,६०० मीटरहून उंच असलेल्या गुलमर्गला १२० च्या आसपास. समुद्रकिनाऱ्यावरच्या कारखान्याने छापलेला आकडा डोंगरावर लावला तर प्रत्येक इंजिन आजारी ठरेल.

आपल्या स्कूटरला किंवा फवारणी पंपाला मात्र एकच सिलिंडर. त्याला शेजारी जोडीदार नाही. त्याचा जोडीदार म्हणजे गेल्या वर्षीचे तेच इंजिन. नवे असताना किंवा नुकतेच दुरुस्त झाल्यावर एकदा मोजून ठेवावे, आणि पुढे दर वर्षी त्याच गेजने, त्याच रीतीने मोजावे. ११५, ११४, ११२ असे उतरत गेले तर ते वय. ११२ नंतर एकदम ९० आले तर काहीतरी घडले आहे.

मोजण्याची रीत तपशिलात सांगायला हवी, कारण यात धोका आहे. आधी इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे. कडक तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढू नये, आटे निघतात. प्लगभोवतीची माती फुंकून टाकावी, ती आत पडली तर मोजायला घेतलेली झीज आपणच घडवतो. पेट्रोलचा कॉक बंद करावा. प्लगची वायर तशीच लोंबकळत ठेवू नये. प्लग वायरला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला, प्लगच्या भोकापासून दूर, नीट टेकवून ठेवावे किंवा वायर इंजिनाशी घट्ट जोडावी. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर उडत असते आणि जवळ ठिणगी पडली तर भडका उडतो. काही इंजिनांत लोंबकळणाऱ्या वायरीमुळे ठिणगी देणारे यंत्रही बिघडते. मग गेज हाताने घट्ट बसवावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, मूठ पूर्ण पिळावी आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सारख्या जोराने किक माराव्यात. पहिल्या किकचा आकडाही लिहून ठेवावा. चांगले इंजिन पहिल्याच किकला निम्म्याहून बरेच वर जाते. झिजलेल्या रिंगांचे इंजिन प्रत्येक किकला थोडे-थोडे चढत राहते.

चार-स्ट्रोक गाड्यांनाही हीच रीत चालते, पण एक सावधगिरी आहे. किक हलकी बसावी म्हणून काही इंजिनांत सुरुवातीच्या फेऱ्यांत झडप किंचित उघडी ठेवणारी योजना असते. ती ठाऊक नसेल तर नव्या गाडीचा कमी आकडा पाहून घाबरायला होते. २००० नंतरच्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक स्कूटर मागे पडल्या. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत २०१२ पासून तयार होऊ लागलेली व्हेस्पाही चार-स्ट्रोकच आहे. चेतक आणि लूना ही नावे तर आता विजेवर धावतात, तिथे मोजायला कॉम्प्रेशनच नाही.

डिझेल इंजिनाबद्दल थोडेच सांगतो. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी इंदापूरच्या शिवारात पसरले. वीज पोचेपर्यंत त्या काठावर डिझेल इंजिनांची धडधड असे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की इंजिन पुढे सरकवायचे. किर्लोस्करचे ५ अश्वशक्तीचे एव्ही-१ हे इंजिन शेतात होते तसेच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही आढळते. त्याचे संपीडन गुणोत्तर १६.५ आहे. डिझेलला ठिणगी नसते, दाबून तापलेली हवाच ते पेटवते. त्यामुळे कॉम्प्रेशन गेलेली स्कूटर रडतखडत चालते, पण कॉम्प्रेशन गेलेले डिझेल इंजिन थंडीच्या सकाळी हँडल मारून हात दुखले तरी सुरूच होत नाही. पेट्रोल इंजिनाचे गेज त्याला कधीही लावू नये. तिथले दाब कित्येक पटींनी मोठे असतात.

कॉम्प्रेशन खरोखरच कमी आहे असे ठरले, तर इंजिन खोलण्याआधी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उपयोगी पडतो. पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून हवा आत सोडायची आणि कान द्यायचे. चार-स्ट्रोक इंजिनात कार्बोरेटरमध्ये फुसफुस ऐकू आली तर आत येणाऱ्या हवेची झडप गळते, सायलेन्सरमध्ये आली तर धुराची, ऑइल भरायच्या भोकात आली तर रिंगा. इथे मूठ, किकचा जोर आणि उंची यांचा संबंध येत नाही, म्हणून मला ही चाचणी गेजपेक्षा प्रामाणिक वाटते. फक्त पिस्टन जरासा जरी खाली असेल तर हवेच्या दाबाने क्रँक गर्रकन फिरतो, तेव्हा बोटे दूर ठेवावीत.

वर्गात यातले बरेचसे वीस मिलिलिटरच्या सिरिंजवर दाखवता येते. सुई न लावता दट्ट्या २० वर ओढावा, तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्यावर एक किलोचे वजन तोलून धरून तो कुठे थांबतो ते वाचावे. मग सिरिंजच्या तोंडाला सलाइनची हातभर नळी बसवून तिचे दुसरे टोक चिमटून बंद करावे आणि तेच वजन पुन्हा ठेवावे. दट्ट्या या वेळी आणखी खाली जातो. किती खाली जाईल, हे नळीचा आतला व्यास आणि लांबी मोजून मुलांनी आधी हिशेबाने सांगावे आणि नंतर पडताळावे. इथे बॉईलचा साधा नियम पुरतो, कारण दट्ट्या स्थिर होईपर्यंत हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला आलेली असते. पुढे तीच नळी पाच मिलिलिटरच्या सिरिंजला लावून पाहावी आणि फरक वाढला की कमी झाला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.